ज्यांना विचारलंच नाही

नंदूकाकांबद्दल लिहू का, असं मी आधी त्यांनाच विचारलं. म्हणाले, "लिही. पण बाय, नुसतं चांगलं चांगलं लिहू नको. मेलेल्या माणसाबद्दल लिहितात तसं."

नंदकुमार घाडीगावकर हे मुलुंडच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात ईसीजी टेक्निशियन. वडील परळच्या गिरणीत होते. संप झाला, गिरणी गेली आणि बिऱ्हाड भांडुपच्या कोकण नगरात आलं. तेव्हा नंदूकाका सोळा वर्षांचे. विशीत ते या हॉस्पिटलात वॉर्डबॉय म्हणून लागले, एका जुन्या टेक्निशियनच्या हाताखाली ईसीजी काढायला शिकले आणि पुढची सत्तावीस वर्षं त्यांनी कॅज्युअल्टीत आलेल्या माणसांच्या छातीला वायरी लावल्या. एसीत गार पडलेली जेली ते आधी स्वतःच्या तळहातावर चोळायचे, मग पेशंटला लावायचे. बाई असली तर सिस्टरला हाक मारून पडदा नीट ओढून घ्यायचे. मशिनमधून पट्टी बाहेर येईपर्यंत गाव कुठलं, मुलं किती, विचारत राहायचे. घाबरलेल्या माणसाचा हात त्यांच्याशी बोलता बोलता सैल पडायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पट्टी वाचणं डॉक्टरांचं काम. पण इतक्या वर्षांत त्यांची नजर अशी बसली होती की नव्या डॉक्टरांना तेच हळूच सांगायचे, "सर, इथे जरा बघा." आणि पट्टी सरळ असली की पेशंटला डॉक्टरांच्या आधी त्यांच्याकडूनच कळायचं. "हार्ट एकदम ओके. गॅस आहे. घरी जा, ताक प्या." हे वाक्य ते दिवसातून दोन-तीन वेळा तरी बोलायचे. डॉक्टरांनाही ते सोयीचं होतं. कुणी अडवलं नाही.

मी स्वरदा. समाजकार्याचं शिक्षण संपवून दोन हजार तेवीसच्या जूनमध्ये त्या हॉस्पिटलात संशोधन सहायक म्हणून लागले. मानसोपचार विभागाच्या डॉ. मृणालिनी सप्रे यांनी एक अभ्यास हाती घेतला होता. छातीत दुखतंय, धडधडतंय, श्वास पुरत नाही म्हणून आठवड्याला वीस-पंचवीस माणसं कॅज्युअल्टीत येतात. त्यातल्या बऱ्याच जणांचा ईसीजी आणि रक्त नॉर्मल निघतं आणि त्यांना घरी पाठवतात. अशा घरी पाठवलेल्यांपैकी किती जणांना खरं तर चिंतेचा किंवा नैराश्याचा आजार असतो, हे मॅडमना शोधायचं होतं. कॅज्युअल्टीच्या कोपऱ्यात पार्टिशनमागे मला एक टेबल आणि दोन खुर्च्या मिळाल्या. रिपोर्ट नॉर्मल आले की नंदूकाकांनी पेशंटला एक हिरवी चिठ्ठी द्यायची आणि म्हणायचं, "त्या ताईंशी दहा मिनिटं बोलाल का?" तयार असेल तो माझ्याकडे येणार, मी त्याची लेखी संमती घेऊन प्रश्न विचारणार. नको म्हणाला तर नंदूकाका मला सांगणार आणि मी नावापुढे ‘नकार’ लिहिणार. हा रकानाही महत्त्वाचा होता. नकार देणारे किती आणि कोण, त्यावरून आमचा आकडा किती भरवशाचा ते ठरणार होतं.

नंदूकाकांना हे काम पटलं नव्हतं. पहिल्याच दिवशी म्हणाले, "छातीत कळ आली म्हणून धावत आलेल्या माणसाला तू विचारणार, मन उदास असतं का? तो म्हणेल, मी काय वेडा दिसतो काय?"

"काका, तुम्ही फक्त चिठ्ठी द्या ना. पुढचं मी बघते."

"देतो गं. मॅडमचा हुकूम आहे."

आणि ते देत होते. निदान मला तसंच वाटत होतं.

सुबोध लघाटे पहिल्यांदा आले ते ऑगस्टमध्ये. वय चव्वेचाळीस, मुलुंड पूर्वेला नवघर रोडला घर, अंधेरीला एका शिपिंग कंपनीत कागदपत्रांचं काम. स्टेशनवरून रिक्षा करून थेट आले होते. शर्ट घामाने भिजलेला, बोटांना मुंग्या, "मी मरतोय, लवकर बघा" म्हणत होते. पट्टी नॉर्मल, रक्त नॉर्मल. नंदूकाकांनी त्यांना पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. मी त्या दिवशी रजेवर होते. बारा दिवसांनी ते पुन्हा आले, या वेळी बायको बरोबर होती. पुन्हा सगळं नॉर्मल. "वहिनी, काही काळजी करू नका, घोड्यासारखं पळतंय हृदय," असं नंदूकाका त्यांना म्हणाल्याचं मी पार्टिशनमागून ऐकलं. माझ्यासमोर दुसरी पेशंट बसली होती. ती उठेपर्यंत लघाटे निघून गेले होते.

तिसऱ्यांदा आले ते गणपती जाऊन चार दिवस झाले असताना, सोमवारी संध्याकाळी. कॅज्युअल्टी भरलेली. तापाचे पेशंट बाकांवर दाटीवाटीने बसलेले, एक अपघाताची केस आलेली, निलेश ब्रदर एकटाच इकडून तिकडे पळत होता. लघाटे छातीवर हात ठेवून दारात उभे राहिले. नंदूकाकांनी त्यांना पाहिलं आणि मोठ्याने म्हणाले, "या या, लघाटे! आता तुम्ही इथला पास काढून टाका बघू. तीन महिन्यांचा काढा, सारखी सारखी लाइन नको लावायला."

सगळे हसले. निलेश हसला, सिस्टर हसल्या, बाकावरचे दोन अनोळखी लोक हसले. मीही हसले. दिवसभर तिथे इतकं रडणं ऐकलेलं असायचं की हसायला निमित्त मिळालं की बरं वाटायचं. सगळ्यांत मोठ्याने लघाटेच हसले. पट्टी नॉर्मल निघाल्यावर उठून शर्टाची बटणं लावतानाही ते हसतच होते. एक बटण चुकीच्या काजात गेलं आणि ते तसेच बाहेर पडले.

"काका, त्यांना चिठ्ठी दिलीत?"

"विचारलं गं. नको म्हणाला."

मी लिहिलं, ‘नकार’.

ऑक्टोबरच्या मध्यावर, एका मंगळवारी सकाळी अकराला, लघाट्यांना व्हीलचेअरवरून आणलं. नंदूकाका सवयीने हसत पुढे झाले, "काय लघाटे..." आणि थांबले. लघाट्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. ते काही बोलत नव्हते. आधीच्या तिन्ही वेळा ते सारखे बोलत होते.

मला ईसीजी कळत नाही. पण मशिनमधून जी पट्टी निघाली, तिच्यावरची रेघ जागोजागी डोंगरासारखी उचललेली होती, ते मलाही दिसलं. नंदूकाकांनी पट्टी फाडली आणि ती हातात घेऊन ते चक्क धावले. सत्तावीस वर्षांत त्यांना कुणी धावताना पाहिलं नव्हतं. "मिहिर सर, मोठा अटॅक आहे, वरती सांगा," हे त्यांचं ओरडणं सगळ्या कॅज्युअल्टीने ऐकलं. ड्युटीवरच्या डॉ. मिहिरनी पट्टी बघितली आणि पंधरा मिनिटांत लघाट्यांना अँजिओप्लास्टीला वर नेलं.

त्यांची बायको, अक्षता, त्यांचा चष्मा आणि मोबाइल दोन्ही हातांत घट्ट धरून तिथेच उभी होती. मी तिला खुर्ची दिली. नंदूकाका शेजारीच वायरींवरची जेली पुसत होते.

"कधीपासून दुखत होतं?" मी विचारलं.

"पहाटे चारपासून. मी म्हटलं, चला. चारदा म्हटलं. नाही म्हणाले. म्हणाले, तिथे सगळे हसतात मला. पुन्हा जाऊन गॅस आहे ऐकायचं? मी ओव्याचं पाणी दिलं, त्यांनी पाठ शेकून घेतली. दहाला उलटी झाली आणि खालीच बसले." मग तिने वर पाहिलं आणि नंदूकाकांना ओळखलं. "तुम्हीच होतात ना मागे? किती चांगलं बोलला होतात आमच्याशी. तुम्ही असता ना त्या दिवशी, तर हे घाबरले नसते यायला."

नंदूकाकांच्या हातातला कापूस खाली पडला. त्यांनी तो उचलला, कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि बाहेर गेले. त्या तिसऱ्या वेळी तिथे कोण होतं, हे अक्षताला सांगायला माझं तोंड उघडलं नाही.

लघाटे वाचले. पण सात तास गेले होते. हृदयाचा मोठा भाग कायमचा दुबळा झाला. साठ टक्क्यांच्या आसपास असायला हवं ते पंपिंग तीसवर आलं.

त्यानंतर नंदूकाका बदलले. मस्करी बंद झाली. प्रत्येकाची पट्टी ते दोनदा काढू लागले, डॉ. मिहिर वैतागून म्हणाले, "काका, पेपर संपेल!" तरी ऐकेनात. पेशंटशी बोलणंही बंद झालं. जेली मात्र तळहातावर चोळत राहायचे. कधी कधी नुसतीच चोळत बसायचे, पेशंट वाट बघत पडलेला असायचा.

एक दिवस दुपारी त्यांच्या पत्नी, शेवंतीकाकू, डबा घेऊन आल्या. काका डबा घरीच विसरले होते. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ह्ये धा दिवस झाले, घरात बोलणत नाय. घास तोंडात धरून बसतत. इचारलंय तर काय नाय म्हणतत. तुका काय म्हायत आसा काय गो?"

"कामाचा ताण असेल, काकू," मी म्हटलं. त्यांचा माझ्यावर विश्वास बसला नाही, हे मला दिसत होतं.

त्याच आठवड्यात नंदूकाकांनी मला मागच्या जिन्यावर बोलावलं. तिथे ऑक्सिजनचे रिकामे सिलिंडर ठेवलेले असायचे, कुणी फारसं यायचं नाही. ते पायरीवर बसले आणि म्हणाले, "लघाटेला मी विचारलंच नव्हतं."

"काय?"

"चिठ्ठी. तुला म्हटलं ना, नको म्हणाला. मी विचारलंच नव्हतं."

मला आधी राग आला नाही, भीती वाटली. "काका, आणखी कुणाला नाही विचारलं?"

"लई जण आहेत."

"पण का?"

"आमच्या गावी माझ्या चुलत्याला रत्नागिरीला नेला होता. वेड्यांच्या इस्पितळात. तीन महिन्यांनी बरा होऊन आला. चांगला बरा, शेतात काम करायचा. पण मरेपर्यंत त्याला कुणी लग्नाकार्याला बोलावला नाही. पोरं मागून दगड मारायची. मला वाटायचं, ही हिरवी चिठ्ठी हातात दिली की याच्यावर पण शिक्का बसला. मग जो नोकरीवाला दिसेल, चांगल्या घरातला दिसेल, त्याला नाही द्यायचो. कशाला बिचाऱ्याची वाट लावा? गॅस म्हटलं की इज्जतीत घरी जातो."

"मग ज्यांना दिल्यात ते कोण?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "बायका. ज्या आल्याबरोबर रडायच्या त्या. आणि झोपडपट्टीतले लोक. म्हटलं, त्यांना आधीच कोण विचारतंय, त्यांना काय फरक पडतो." मग म्हणाले, "बघ, बोलून दाखवल्यावर कसं घाण वाटतं."

आता मला राग आला. चार महिने मी रोज घरी जाऊन आकडे भरत होते. आमच्या तक्त्यात बायका जास्त होत्या, गरीब जास्त होते, आणि गेल्याच महिन्यात त्याचा अर्थ लावून मी मॅडमना दोन पानं लिहून दिली होती. ती दोन पानं म्हणजे नंदूकाकांनी कुणाकडे बघून चिठ्ठी खिशात ठेवली, त्याची नोंद होती. मी ताडकन उठले. "हे मॅडमना सांगावं लागेल."

"म्हणून तर तुला बोलावलं. मला एकट्याला जायला जमत नाही. दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन आलो."

सप्रे मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. पेनाचं टोपण लावून पेन बाजूला ठेवलं. "किती?" एवढंच विचारलं.

"नक्की नाही सांगता येत, मॅडम. निम्मे असतील."

मग दोन दुपारी आम्ही तिघं रजिस्टर घेऊन बसलो. नकाराच्या रकान्यात एकसष्ट नावं होती. नंदूकाका एकेका नावावर बोट ठेवायचे, डोळे मिटायचे, माणूस आठवायचे. चौदा जणांना विचारल्याचं त्यांना नक्की आठवत होतं. एकोणतीस जणांना विचारलं नव्हतं, हेही नक्की. बाकीच्यांबद्दल ते म्हणाले, "खोटं नाही बोलणार आता. आठवत नाही." लघाट्यांच्या नावावर आल्यावर त्यांनी बोट उचलून घेतलं.

मॅडमनी चार महिन्यांची सगळी माहिती बाद केली. एथिक्स कमिटीला पत्र लिहिलं. नंदूकाकांनी आपला जबाब स्वतःच्या हाताने मराठीत लिहून दिला, आणि त्यात कुणी विचारलं नसताना पासची मस्करीही लिहिली. मॅडम त्यांना म्हणाल्या, "तुम्ही खोटं सांगितलंत, हे मी विसरणार नाही. पण एवढ्या गर्दीत तुमच्यावर आणखी एक काम टाकलं आणि चार महिन्यांत एकदाही खाली येऊन बघितलं नाही, हेही मी पत्रात लिहिलंय. ती चूक माझी आहे."

हॉस्पिटलने नंदूकाकांना एक मेमो दिला आणि तोंडी समज दिली. मेमोचा कागद वाचून त्यांनी उलटा करून पाहिला. "एवढंच?" ते म्हणाले. त्यांना अजून काहीतरी हवं होतं.

त्यांना लघाट्यांना भेटायचं होतं. मॅडमनी बजावलं, "आधी त्यांची परवानगी घ्या. आणि तुमचं मन हलकं व्हावं म्हणून जाणार असाल, तर जाऊ नका." नंदूकाकांनी दोन दिवस विचार केला आणि मग मला फोन करायला सांगितलं. अक्षता म्हणाली, विचारून सांगते. आठवड्याने तिचा फोन आला. या म्हणाली, रविवारी, अकरा वाजता.

नवघर रोडच्या त्या इमारतीला लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावर जाईपर्यंत नंदूकाका प्रत्येक मजल्यावर थांबत होते, दम लागला म्हणून नव्हे. लघाटे खिडकीजवळ बसले होते. हॉस्पिटलातून आल्यापासून ते दोनदाच खाली उतरले होते. दाढी वाढलेली. समोर टीव्ही चालू, आवाज बंद.

नंदूकाकांनी बसायच्या आधीच सांगून टाकलं. पास कोण म्हणालं, चिठ्ठी कशी दिली नाही, स्वरदाला खोटं कसं सांगितलं. सगळं उभ्याने. अक्षता चहाचा ट्रे घेऊन दारात थांबली होती.

लघाट्यांनी रिमोटने टीव्ही बंद केला. मग म्हणाले, "माझे बाबा चव्वेचाळीसचे असताना गेले. घाटकोपरला, ऑफिसातच. मी सातवीत होतो. यंदा मला चव्वेचाळीस पूर्ण झाली. जूनपासून रोज सकाळी उठलो की वाटायचं, आज. गाडीत वाटायचं, मीटिंगमध्ये वाटायचं. हिला सांगितलं नव्हतं." ते माझ्याकडे वळले. "तुम्ही हेच विचारणार होतात ना, त्या टेबलावर?"

"हो. साधारण हेच."

"मी सांगितलं असतं. कुणाला तरी सांगायला मी वाट बघत होतो."

लघाटेच पुढे म्हणाले, "त्या पहाटे दुखलं ना, ते वेगळं होतं. मला कळत होतं वेगळं आहे. पण बूट घालायला वाकलो आणि तुमचा पास आठवला. मग बूट परत कपाटात ठेवले."

"लघाटेसाहेब, मला माफ..."

"नका म्हणू." आवाज चढला नव्हता. "तुम्ही माफ करा म्हणालात की मला असू दे म्हणावं लागतं. मला आत्ता तसं म्हणायचं नाहीये."

नंदूकाकांनी मान हलवली. "बरोबर आहे."

अक्षताने ट्रे खाली ठेवला. "त्या दिवशी मी तुम्हाला चांगलं म्हणत होते, आणि तुम्ही नुसते ऐकून निघून गेलात."

"ऐकवत नव्हतं, वहिनी."

मीही त्या दिवशी हसले होते, हे सांगायला माझी जीभ वळवळली, पण मी सांगितलं नाही. नंदूकाकांच्या मागे लपणं सोपं होतं. चहा कुणी घेतला नाही. खाली उतरल्यावर नंदूकाका इमारतीच्या पायरीवर बसले आणि पंधरा मिनिटं उठलेच नाहीत. वॉचमनने येऊन विचारलं, कुणाकडे आलात.

नोव्हेंबरअखेर लघाटे तपासणीला आले. ईसीजी काढायचा होता. नंदूकाकांना बघून ते म्हणाले, "दुसरं कुणी आहे का?" नंदूकाकांनी ओपीडीतल्या टेक्निशियनला बोलावलं आणि स्वतः बाहेर जाऊन उभे राहिले. मला म्हणाले, "त्याने केलं ते बरं केलं." पण त्या दिवशी डबा तसाच परत गेला.

डिसेंबरमध्ये एका दुपारी कॅज्युअल्टी शांत होती. नंदूकाका माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत येऊन बसले. "तुझे ते प्रश्न मला विचार."

"काका, तुम्ही पेशंट नाही."

"विचार तरी."

मी विचारले. झोप लागत नाही. भूक नाही. कशात मन लागत नाही. एक प्रश्न असा आहे, की आपण वाईट आहोत, आपण घरच्यांना किंवा स्वतःला तोंडघशी पाडलं, असं किती दिवस वाटतं? ते म्हणाले, "रोज. पण हे आजारात कसं धरतेस तू? मी खरंच केलंय ना."

मी त्यांना मॅडमकडे नेलं. मॅडमनाही त्यांनी तेच विचारलं. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही केलंत ते खरं आहे. आणि दोन महिने झोप नाही, वजन सात किलोने उतरलंय, बायकोशी बोलत नाही, हाही आजार आहे. औषध दिलं म्हणून तुम्ही केलेलं पुसलं जाणार नाही. फक्त तुम्हाला जेवता येईल."

"मानसोपचाराचा केसपेपर निघणार माझ्या नावाने?"

"निघणार."

ते हसल्यासारखे झाले. "काढा," म्हणाले. घरी जाऊन त्यांनी शेवंतीकाकूंना सगळं सांगितलं. काकूंनी मला नंतर सांगितलं, त्या आधी खूप चिडल्या. रत्नागिरीचं नाव काढून रडल्या. मग दर गुरुवारी स्वतः त्यांच्याबरोबर यायला लागल्या.

अभ्यास जानेवारीत नव्याने सुरू झाला. आता चिठ्ठी मीच द्यायचे, दर पेशंटला, चेहरा न बघता. नकार देणारे आम्हाला वाटलं होतं त्यापेक्षा फार थोडे निघाले. नोकरीवाले, चांगल्या घरातले पुरुष तर बसले की उठायचेच नाहीत. दहा मिनिटांची चाळीस व्हायची. नंदूकाकांकडे आता फक्त मशिन होतं. नॉर्मल पट्टी हातात घेऊन ते पेशंटला सांगायचे, "हृदय ठीक आहे. पण तुम्हाला जे झालं ते खोटं नाही. डॉक्टर सांगतील पुढचं." गॅस हा शब्द मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकला नाही. नव्याने आलेल्या ब्रदरने एकदा एका घाबरलेल्या बाईची नक्कल केली, तेव्हा नंदूकाका इतके ओरडले की डॉ. मिहिर आतून बाहेर आले.

लघाटेही मॅडमकडे यायला लागले होते, फेब्रुवारीपासून. नंदूकाकांमुळे नव्हे. अक्षताने त्यांना हट्टाने आणलं होतं. हृदयाचा झटका येऊन गेल्यावर माणूस आतून खचतो, त्याचं औषध न घेता नुसतं हृदयाचं औषध घेऊन भागत नाही, हे मॅडमनी त्यांना समजावलं होतं. त्यांचाही वार गुरुवार निघाला.

एका गुरुवारी मी काही कागद द्यायला वर गेले होते. मानसोपचार ओपीडीबाहेर एकच लांब बाक आहे. लघाटे त्यावर बसले होते, बाजूला पिशवी. शेवंतीकाकूंना त्या दिवशी जमलं नव्हतं, नंदूकाका एकटेच, हातात केसपेपर घेऊन जिन्याने वर आले. लघाट्यांना पाहिलं आणि वळून पुन्हा जिन्याकडे निघाले.

"घाडीगावकर," लघाटे म्हणाले.

नंदूकाका थांबले.

"नंबर किती तुमचा?"

"अकरा."

"माझा नऊ." लघाट्यांनी पिशवी उचलून मांडीवर घेतली. "मॅडमना वेळ लागतो आज. उभे किती वेळ राहणार?"

नंदूकाका बाकाच्या टोकाला बसले, अर्धे बाहेर. दोघं समोरच्या भिंतीकडे बघत होते. आठ नंबर आत गेला. थोड्या वेळाने लघाट्यांनी विचारलं, "गोळ्यांनी तुमचं पण सकाळी तोंड कोरडं पडतं का?"

"पडतं," नंदूकाका म्हणाले. "खडीसाखर ठेवा जवळ."

आतून नऊ नंबर पुकारला आणि लघाटे उठून आत गेले.